मनातल्या मण्यांची राजकन्या

एका राज्यात वज्रकेतू नावाचा राजा होता. नको तिथे हात घालायची त्याला भारी हौस. एका गुहेतल्या शापित खजिन्याला त्याने हात लावला आणि उभ्या जागी पायांपासून दगड होऊ लागला. थोरली बहीण सुनेत्रा धावत आली, तोवर तो गळ्यापर्यंत दगड झाला होता.

खजिन्याचा राखणदार मांत्रिक करालकेश. त्याने अट घातली: त्याची बोलकी मैना वरून पीस सोडील, ते जमिनीला टेकण्याआधी तोंडी हिशेबाचे उत्तर सांगायचे. असे तीन हिशेब. एक जरी चुकला, तरी भाऊ कायमचा दगड.

"ताई, तू जा. माझे होईल ते होईल," राजा म्हणाला. ती कसली जाते!

पहिली लांबलचक बेरीज सांगून मांत्रिकाने तिच्या कानाशी भुते सोडली, भलतेच आकडे ओरडणारी. त्याला वाटले, ही मनात आकडे म्हणणार आणि गोंधळणार. छे! लहानपणापासून मण्यांच्या पाटीवर हिशेब करून करून ती पाटीच तिच्या डोक्यात जाऊन बसली होती. भुतांनी घसे फोडले. हिने मनातले मणी सरकवले आणि उत्तर दिले.

"बरोबर," मैना म्हणाली.

दुसऱ्या वेळी त्याने तिचे डोळे बांधले. बांधो बापडा! पाटी आत होती. उत्तर बरोबरच आले. पण तिची बोटे हवेत हलताना मांत्रिकाने हेरली.

तिसऱ्या वेळी त्याने तिची बोटे मंत्राने गोठवली आणि डोळ्यांची पट्टी सोडून विचारले, "सदतीस हजार सदतीसांची सत्तावीसपट किती?"

पीस सुटले. बोटांवाचून मनातला एकही मणी हलेना. भावाची हनुवटी दगड होताना दिसत होती. पीस गुडघ्याशी आले, तेव्हा तिने मण्यांचा नाद सोडला आणि त्या आकड्याकडेच पाहिले. अगबाई, हा तर ओळखीचा! याची तिप्पट केली की नुसते एकच एक उभे राहतात, ओळीने सहा वेळा. त्यांची नऊपट केली की झाले.

"नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव."

मग पीस टेकले.

"बोटांवाचून मोजलेस कसे?" मांत्रिकाने विचारले.

"मोजले नाही, मांत्रिका. ओळखले."

करालकेशाने आपणहून हात जोडले. शाप सुटला. वज्रकेतूने मोकळ्या हातांनी आधी खजिन्याचे दार लावले, मग बहिणीच्या गळ्यात पडून तो ढसाढसा रडला. राज्याला राजा मिळाला, बहिणीला भाऊ मिळाला. तुमचेही अडलेले असेच सुटो.