न झाकलेले पान

आडबंदरच्या देवळात समाराधनेच्या दिवशी पंगतीच्या टोकाला एक पाट मांडतात. समोर केळीचे पान, रांगोळी, पाण्याचा तांब्या. पाटावर मात्र कुणी बसत नाही. एखादा पाहुणा नकळत तिकडे वळला, की म्हातारा गुरव हाक मारतो, "पाव्हण्यांनू, थंय नको! तो पाट मुन्सफांचो." आणि पंगत बसेपर्यंत ही हकीकत सांगतो.

कंपनीच्या अमदानीत म्हणे इथल्या कचेरीत विसाजीपंत शिरस्तेदार होते. विद्वान माणूस. एकदा साहेबाने त्यांना विचारले, इथल्या मुलखातल्या अंमलदाराला जास्तीत जास्त किती पगार पुरेल? पोटात भूक असली तरी थोरांसमोर पानावर हात आडवा धरायचा, ही पंतांची लहानपणापासूनची रीत. त्याच सवयीने ते बोलून गेले, "शंभर रुपयांत आमचा माणूस राजासारखा राहतो, साहेब." साहेब खूश झाला. मर्यादा ठरली. पंतांच्या घरच्या माडांच्या बागांविषयी ना साहेबाने विचारले, ना पंत बोलले.

भास्करराव नाबर तेव्हा मुन्सफ होते. सख्ख्या सासऱ्याविरुद्ध निवाडा देणारा माणूस, असे सांगतात. जमीन नाही, पदरी दोन भावांची कुटुंबे. पगार शंभरावर जाऊन थांबला तो थांबलाच. मग पीक बुडाले, आणि त्या वर्षी त्यांनी एका वादीकडून खंडीभर भात घेतला. पहिल्यांदाच. ते उघडकीस आले आणि नोकरी गेली.

पुढच्या समाराधनेला ते येऊन पंगतीच्या टोकाला बसले. वाढपी त्यांचे पान ओलांडून पुढे गेला. कुणीतरी म्हणाले, "मुन्सफांना कशाला वाढतोस? खंडीभर भात अजून जिरायचाय!" पंगत हसली.

भास्कररावांनी फक्त समोर बसलेल्या पंतांकडे पाहिले. शंभराचा आकडा कुणाच्या तोंडून निघाला, हे गावात या दोघांनाच ठाऊक होते. पंतांना वाटले, आता उठावे, सांगावे, की हे पाप माझ्या पानावर वाढा. शब्द ओठांपर्यंत आलेही. इतक्यात वाढपी भाताचे ताट घेऊन त्यांच्यापुढे वाकला. पंतांचा हात आपोआप आडवा झाला आणि तोंडून निघाले, "पुरे."

भास्करराव रिकाम्या पानावरून उठले. बंदरावर होडीत बसले, ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत.

पुढच्या वर्षी पंतांनी स्वतः तो पाट मांडला आणि भरल्या पंगतीत आपला अपराध सांगितला. मग ते त्या पानावर भात वाढू लागले. पान भरले, भात जमिनीवर सांडला, तरी हात थांबेना. लोक म्हणाले, "पंत, पुरे आता." पंत म्हणाले, "ज्याचे पान, त्याने म्हणावे."

आजही त्या पानावर पहिली वाढ होते. भात सांडेपर्यंत वाढतात, आणि वाढपी क्षणभर वाकून वाट पाहतो, एखादा हात आडवा येतो का.

अजून आलेला नाही.