तीस प्रश्न

“...मग आता पुढचा प्रश्न कोणता विचारू, बाई?”

डॉ. सबनीसांनी वही पुढे केली. स्किझोफ्रेनियावर बावीस वर्षं संशोधन केलेला माणूस, मेंदूच्या छायाचित्रांवरून भल्याभल्यांना शिकवणारा. पण एकोणीस वर्षांच्या लेकीला, केतकीला, आवाज ऐकू यायला लागले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

गेले अठरा दिवस ती बापाशी बोलत नव्हती. कालपासून गोळीही थुंकून टाकत होती. आज तिला आईवर सोपवून ते वाईजवळच्या या गावी आले होते. त्यांना हा विषय शिकवणाऱ्या दांडेकरबाई इथल्या समाजमंदिरात दर गुरुवारी पेशंट बघत.

बाईंनी वही उघडली. रोजची तारीख, तीस प्रश्न, प्रत्येकापुढे आजार किती वाढलाय त्याचे गुण.

“हे लेकीला विचारतोस? कधी?”

“सकाळी, चहाच्या वेळी. तिला कळू नये म्हणून गप्पांच्या ओघात. पहिला आठवडा बोलली, मग...”

“माझी रीत विसरलास. इथे आधी पेशंट विचारतो.” बाईंनी हाक मारली. “हणमंता, या साहेबांना बघ जरा.”

हणमंता दहा वर्षं बाईंच्या औषधावर होता. कोपऱ्यात केरसुण्या बांधत बसला होता, तो हातातली अर्धी केरसुणी घेऊनच सतरंजीवर येऊन बसला.

“झोप लागती का, सायेब?”

“तीन-चार तास.”

“जेवान?”

“...जात नाही.”

“मागनं कुणी तुमच्याबद्दल बोलतंय, असं वाटतं का?”

सबनीसांना आपली संशोधनसंस्था आठवली. ते कँटीनमध्ये शिरले की हल्ली टेबलं गप्प होत. की तसं त्यांनाच वाटत होतं?

“वाटतं.”

“व्हतं तसं,” हणमंता म्हणाला.

सबनीस चौथ्या प्रश्नाची वाट बघत राहिले. हणमंता थोडा जवळ सरकला आणि केरसुणी बांधायला लागला. पुढे त्याने काहीच विचारलं नाही. का कोण जाणे, सबनीसांना रडू येईल असं वाटलं.

“केतकीने तुला काय विचारलं?” बाई म्हणाल्या.

“तिने? ती कशाला काही...”

ते थांबले. बाईंचं बोट वहीच्या दुसऱ्या पानावर होतं. समासात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘बाबा, तुम्ही घाबरलात का? — विषय सोडून बोलते. गुण तीन.’

“तू काय उत्तर दिलंस?”

“नाही म्हणालो.”

“आणि खरं काय?”

 सबनीसांनी खिशातला फोन दोनदा चाचपला.

“घाबरलोय, बाई. ...फार घाबरलोय.”

बाईंनी वही मिटली आणि हणमंताच्या केरसुण्यांच्या ढिगाखाली सारली.

“मग हे मला कशाला सांगतोस?”