तिरकी पट्टी

एकदा एका नगरात हवेवर चालणारी यंत्रे घडवणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. लाकडी चौकटीच्या चारही कोपऱ्यांत ते बिजागऱ्या बसवत आणि मधे रबरी पिशवी. पिशवीत हवा भरली की चौकट लांब होई, सोडली की आखडे. अशा चौकटी एकापुढे एक जोडल्या की यंत्र अळीसारखे पुढे सरके. लोक त्याला रोबो म्हणत. कारागीर स्वतः नुसते 'चौकटी' म्हणत.

त्यांचा एक शिष्य सुताराघरचा होता. एका व्यापाऱ्याच्या बागेचे पाणी गाळाने जवळजवळ अडले होते. गाळ ओढून काढण्यासाठी अरुंद, वाकड्या भुयारी नळातून पलीकडे दोर न्यायचा होता. गुरूंनी हे काम प्रथमच एकट्या शिष्यावर सोपवले. ते साधले, तर तो स्वतंत्र कारागीर ठरणार होता.

त्याने पाच चौकटी जोडल्या. चारांत पिशव्या बसवल्या, सर्वांत पुढची दोर बांधायला मोकळी ठेवली. पण यंत्र उचलताच डुगडुगले. व्यापारी हसेल या धास्तीने त्याने प्रत्येक चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक तिरकी पट्टी ठोकली. घरी लाकडी फाटके करताना तसेच करीत.

दुसऱ्या दिवशी गुरू आणि व्यापारी यांच्यासमोर त्याने पंप मारला. पिशव्या टम्म फुगल्या. यंत्र तसूभरही हलले नाही.

"मजबूत आहे हो," व्यापारी म्हणाला. "गोठ्याला फाटक हवंच होतं मला."

शिष्याने मान खाली घातली. गुरू पक्कड घेऊन बसले. चार पट्ट्या त्यांनी उपटल्या. पुढची तशीच ठेवली.

"गुरुजी, ती राहिली."

"राहू दे. तिला दोर ओढायचाय, तिनं ताठच असावं. पट्टीनं चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण आकार सोडत नाही. हे इतरांना मला शिकवावं लागतं, तू घरून घेऊन आलास. पण बाकीच्या चौघींना चालायचंय. त्यांचं डुगडुगणं हीच त्यांची चाल. त्याची लाज कशाला?"

शिष्याने पुन्हा हवा भरली, सोडली. यंत्र नळात शिरले, वळणावर वाकले आणि काही वेळाने दोरासह पलीकडे बाहेर आले.

व्यापाऱ्याने गुरूंना विचारले, "दोर ओढायला माणसं किती लावू?"

"यांना विचारा," गुरू म्हणाले. "कारागीर हे आहेत."

गुरूंच्या तोंडून स्वतःसाठी असा आदर शिष्याने कधी ऐकला नव्हता. तो हळू, पण स्पष्ट म्हणाला, "चार पुरेत."