दवंडी पिटली, दारे बंदच

राजाचा हुकूम हलगी वाजवून सांगितला जाई, त्या काळातली ही गोष्ट. राजधानीत एक म्हातारा दवंडीवाला होता. त्याचा आवाज असा खणखणीत, की तो नदीकाठी ओरडला तर पैलतीरावरची गुरे माना वर करत.

त्या राज्याच्या जुन्या राणीने एक निधी ठेवला होता. गरिबाघरचे मूल विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले, तर त्याचे शुल्क निधीतून भरायचे. तशी दरवर्षी दवंडी पिटायची. दसऱ्यापर्यंत कोणी आले नाही, तर रक्कम कारभाऱ्याच्या कचेरीच्या खर्चाला जाई. कोणीच येत नसे. कचेरीत मात्र दरवर्षी नवा गालिचा येई.

दवंडीवाल्याला वाटे, या लोकांना शिकायचेच नसावे.

एकदा दसरा आठ दिवसांवर असताना तो माठ घ्यायला कुंभारआळीत गेला. तिथे एक कुंभारीण आपले चाक विकायला काढून बसली होती.

"चाक विकून खाणार काय, बाई?" त्याने विचारले.

"ते नंतर बघू. पोरगी वैद्यकीच्या परीक्षेत पहिली आलीय. दसऱ्यापर्यंत शुल्क भरलं नाही तर तिची जागा जाते."

"अगं, त्यासाठी राणीचा निधी आहे! वीस वर्षं मी तुमच्याच आळीत ओरडतोय!"

"बाबा, तुमची हलगी वाजली की आम्ही दारं लावून मडक्यांमागं दडतो," कुंभारीण म्हणाली. "हलगीमागून करवसुलीवालेच येतात. तुम्ही ओरडता काय, ते ऐकतंय कोण?"

दवंडीवाला सुन्न झाला. वीस वर्षे तो बंद दारांना सांगत होता!

तो तडक कारभाऱ्याकडे गेला. "सरकार, दवंडी लोकांपर्यंत पोचतच नाही."

कारभारी लोडाला टेकूनच म्हणाला, "तू पिटलीस ना? वहीत नोंद झाली. कायद्याचं काम झालं."

"आणि पोरांचं?"

"ते तुला कोणी विचारलंय? दारोदार फिरताना दिसलास, तर उद्यापासून घरी बस."

दवंडीवाल्याने गळ्यातली हलगी काढून त्याच्यापुढे ठेवली. "उद्या कशाला? आजच बसतो. पण माझ्या नाही, लोकांच्या घरी!"

त्या दिवसापासून तो उंबरठ्या-उंबरठ्यावर बसून निधीसाठी लोकांचे अर्ज लिहू लागला. अर्जात 'आमची ऐपत नाही' असे लिहून त्यावर शेजाऱ्याच्या साक्षीचा अंगठा लागे. तिथेच कुंभारीण अडली.

"शेजाऱ्यांसमोर गरीब म्हणवून घेऊ? त्यापेक्षा चाक गेलेलं बरं!"

"तुला कसली लाज?" म्हातारा भडकला. "पहिली आलेल्या पोरीची आई तू! लाज वाटायचीच असेल तर त्या गालिच्यावर लोळणाऱ्याला वाटू दे!"

शेजारीण पुढे झाली. "आण इकडं, मी लावते अंगठा. पण माझ्या पोराच्या अर्जावर तुझा हवा हं!"

मग आळीभर अंगठे उठले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एक्केचाळीस कुटुंबे कचेरीत उभी राहिली. कारभाऱ्याने अर्जांकडे पाहिलेही नाही. "निधी संपला. निघा."

दवंडीवाला खिडकीशी गेला. राजवाड्याकडे तोंड करून त्याने राणीचा हुकूम पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत गर्जून म्हटला. तो त्याला पाठच होता. राजा भरल्या ताटावरून उठला आणि थेट कचेरीत आला.

"हुकूम आहे, मग पैसे कुठे आहेत?" राजाने विचारले.

एक्केचाळीस कुटुंबांनी फक्त खाली, पायांखाली पाहिले. राजानेही पाहिले.

संध्याकाळपर्यंत सगळे गालिचे चौकात लिलावाला निघाले. ते गुंडाळून डोक्यावरून वाहायला कारभाऱ्यालाच लावले. एक्केचाळीसही मुलांचे शुल्क भरले गेले आणि वैद्यकीच्या यादीत पहिले नाव लागले कुंभारणीच्या मुलीचे.

पुढच्या वर्षी विणकरआळीत एक बाई अर्ज पाहून पदर तोंडाला लावून म्हणाली, "ऐपत नाही असं लिहू? लोक काय म्हणतील?"

अर्ज घेऊन आलेली कुंभारीण तिच्या उंबरठ्यावर ऐसपैस बसली. "म्हणू देत. माझी पोर आता नाडी बघते. लाव अंगठा!"

तात्पर्य: मदत जाहीर केली म्हणजे दिली असे होत नाही; ज्याच्या हक्काची आहे त्याच्या हातात ती पडेपर्यंत दारे ठोठावत राहावे, आणि आपला हक्क मागताना कोणी मान खाली घालू नये.