हौसाच्या तळव्यातला उजेड

या बसा, आणि मांडी नीट घाला, कारण ही गोष्ट चुळबुळणाऱ्यांसाठी नाही.

सोनचाफ्याच्या एका मोठ्या बागेच्या टोकाला इवलीशी झोपडी होती आणि तिच्यात राहायची हौसा. वय आठ, परकर ठिगळाठिगळांचा आणि डोळे मात्र टपोरे, काळेभोर. वडील काही महिन्यांपूर्वीच वारले होते. बाग आणि झोपडी दोन्ही मालकीणबाईंची; आई त्यांच्या बागेत फुलं तोडायची. पण महिन्यापूर्वी हौसाला भाऊ झाला आणि तेव्हापासून आईची कंबर जी धरली ती धरलीच. उठून बसायचं म्हटलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि बाळाची मान? ती एकाच बाजूला वळलेली! त्याला धड दूधही पिता येईना. दोन घोट घेतले की रडायचं. दिवसेंदिवस वाळत चाललं होतं हो ते लेकरू.

आईच्या जागी आता हौसाच फुलं तोडायला जाई. एका सकाळी पानापानांवर दवाचे मोती लुकलुकत होते, पिवळीधमक फुलं डुलत होती, आणि एका फांदीतून बारीकसा आवाज आला, "अगं, इकडे! जरा सोडव ना मला!"

कोळ्याच्या जाळ्यात एक चिमुकली परी अडकली होती. पंख गुलाबी, झगा चंदेरी, उंची हौसाच्या करंगळीएवढी. जाळं ओढलं असतं तर पंख फाटला असता. हौसाने श्वास रोखला आणि एकेक धागा हलकेच सोडवला. फुलं तोडायची राहिली, ऊन चढलं, तरी घाई केली नाही.

"शहाणी गं माझी बाय!" परी म्हणाली. "माग काय हवं ते."

हौसाने ना सोनं मागितलं ना खाऊ. "आमचं बाळ पोटभर पिऊ दे. आणि माझी आई उभी राहू दे."

परीने तिच्या तळव्यांवर फुंकर घातली. तळवे सोनेरी उजळले! "यात तीन स्पर्श आहेत. पण नियम ऐक. दाबायचं नाही, ओढायचं नाही. ऊबदार हात नुसता ठेवायचा आणि थांबायचं. आतलं आखडलेलं हळूहळू सैल होतं. तळव्याखाली श्वास संथ झाला, की मगच हात काढायचा. नियम मोडलास तर तो स्पर्श वाया जाईल."

हौसा धूम पळत घरी आली आणि तिने आईला सगळं सांगितलं. पण वस्तीतल्या सगळ्या बाळांना गंगूमावशी तेल लावायची, तेही असं रगडून की बाळ लालेलाल! हौसाने आजवर तेवढंच पाहिलं होतं. तिला वाटलं, जोर लावला तर गुण लवकर येईल. तिने बाळाची मान चोळायला घेतली मात्र, बाळाने टाहो फोडला आणि तिच्या हातांतला उजेड फिका पडला.

"अगं बाई, हे काय केलं मी!" हौसा रडकुंडीला आली. एक स्पर्श गेला!

मग तिने डोळे पुसले आणि हात चुलीपाशी धरून ऊबदार केले. एक तळवा बाळाच्या मानेखाली, एक इवल्याशा पाठीखाली. आणि थांबली. पाय अवघडले, नाकावर माशी बसली, तरी हौसा जागची हलली नाही. हळूहळू बाळाचा श्वास संथ झाला, मुठी उघडल्या आणि मान अलगद दुसरीकडे वळली! आईने झोपल्या झोपल्याच त्याला जवळ घेतलं. बाळ गटागटा प्यायलं आणि ढेकर देऊन झोपलं. आई हसत होती आणि रडतही होती.

उरला एक स्पर्श, आईच्या कमरेसाठी राखलेला. हौसा हात ऊबदार करतेय, तोच दारात मालकीणबाई! कडेवर त्यांची तान्ही मुलगी, पोटाशी पाय ओढून किंचाळणारी. "हौसा, तुमचं बाळ शांत झालेलं ऐकलं गं. माझी छकुली सकाळपासून रडतेय. काही कर!"

हौसाने आईकडे पाहिलं. हौसाच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. ही आपली आई, किती दिवसांची अशी पडून! पण आईच म्हणाली, "तिला दे तो स्पर्श, बाळे. लेकराला बोलता येत नाही. मला येतं, मी थांबेन."

हौसाने छकुलीच्या पोटावर हात ठेवला. छकुली निवली, पाय सोडून गाढ झोपली. आणि हौसाच्या तळव्यांतला उजेड विझला तो विझलाच.

मालकीणबाई छकुलीला घेऊन शेजारी बसल्या. हौसाने आपले साधे, काळवंडलेले हात पाहिले. "उजेड नाही तर नाही," ती म्हणाली, "थांबता तर येतं मला!" तिने हात ऊबदार केले, आईच्या कमरेखाली सरकवले आणि बसून राहिली. दुपार कलली. रोज ती तशीच बसे. पहिल्या दिवशी आईला गाढ झोप लागली. तिसऱ्या दिवशी ती कुशीवर वळली. सातव्या दिवशी भिंतीला धरून उठली, मग तिने भिंत सोडली आणि सरळ, ताठ उभी राहिली!

"उभी राहिली! माझी आई उभी राहिली!" हौसा बागभर ओरडत पळाली. ते ऐकून मालकीणबाईही पदर सावरत धावत आल्या आणि टाळ्या पिटू लागल्या. त्यांनी तिथंच सांगून टाकलं, "झोपडी आता तुमचीच. आणि हौसा, वस्तीतल्या बाळांना तूच हात लावायचा. गंगूमावशीलाही शिकव!"

चाफ्याच्या शेंड्यावर परी बसली होती. "उजेड माझा होता, हौसे, तो संपला. आईला बरं केलंय ते तुझ्या हातांनी. ते मी परत नेऊ शकत नाही." ती खुदकन हसली. सगळी बाग सोन्याने न्हाऊन निघाली, डोळे दिपले, आणि डोळे उघडेपर्यंत परी नाहीशी झाली होती.

दारातून आईची हाक आली. बाळ एका हातावर आणि दुसऱ्या हातात फणी.

"हौसे, इकडे ये बघू. केसांच्या काय झिपऱ्या झाल्यात! आज तुझी वेणी मी घालते."