चौकटीचा ऐन

आज धुकं खाली उतरलंय, जरा जपून या. समोर जाड बुंध्याचा ऐन दिसतो ना, त्याला खिडकी आहे बघा. भिंत नाही, घर नाही, जित्या झाडाला सागाची चौकट. माझ्या आज्यानं मला सांगितलं ते सांगतो.

त्या दिवशीही असंच धुकं होतं म्हणे. वारा साफ पडलेला, पान हलत नव्हतं. खाली वाडीत धाकू सुतार राहायचा, खोऱ्यातला नावाजलेला मिस्त्री. त्याला मुलगा नव्हता. लेक येसू नावाच्या पोराला दिली आणि जावयाला घरीच ठेवून घेऊन हत्यार धरायला शिकवलं. रीत अशी, की झाडावर कुऱ्हाडीची पाठ हाणायची, आवाज ऐकायचा, आणि भरीव की पोकळ ते मिस्त्रीनं सांगायचं. शिकणाऱ्यानं मागं उभं राहून एवढंच म्हणायचं, "होय मामा." येसूचा कान सासऱ्याहून तिखट झाला होता, असं सांगतात. पण ज्याच्या ताटात जेवायचं त्याला खोटं कसं पाडायचं? वर्षानुवर्षं तो होय मामाच म्हणत राहिला.

देवळाच्या तुळईसाठी झाड बघायला धाकूनं त्याला पुढं धाडलं. धुक्यातून एकाएकी गवा अंगावर आला. येसू ह्या ऐनावर चढला, वर बेचक्यात पाय दिला, तर तिथलं लाकूड कुजलेलं. आत सगळा पोकळ बुंधा. तो उभाच्या उभा खाली घसरला आणि गच्च अडकला. हात डोक्यावर, छाती आवळलेली. ना वर सरकता येई, ना खाली. हाक मारावी तर श्वास पुरेना. नाकात भुसा, मानेवर मुंग्या, आणि त्या झटकायला हात नाही. रात्र तशीच उभ्यानं गेली.

सकाळी धाकू आला. सोबत शेजारचा हैबती तेली.

"जावई कुठं दिसंना?" हैबतीनं विचारलं.

"गेला असंल रुसून आपल्या गावाला. तुळई काय त्याच्यासाठी थांबतीय?"

धाकूनं ह्याच ऐनावर कुऱ्हाडीची पाठ हाणली. एरवी झाड ढोलासारखं वाजलं असतं. पण आत माणूस ठासून बसलेला, त्यामुळं आवाज दबका आला, घट्ट लाकडासारखा.

"भरीव हाय," धाकू म्हणाला.

आत येसूनं ते ऐकलं. ओरडायचं होतं त्याला, पण जन्माची सवय. तोंडातून निघालं, "होय मामा."

धाकूला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पाठीमागून रोज येतं, तसं आलं. त्यानं कुऱ्हाड घातली. ढलपी उडाली. दुसरा घाव येसूच्या बरगड्यांत घुमला. पातं आता आपल्यापर्यंत पोचणार, हे त्याला लाकडाच्या आवाजावरूनच कळलं. मग त्यानं उरलासुरला श्वास गोळा केला.

"पोकळ हाय, मामा."

धाकू गर्रकन हैबतीकडं वळला. "तेल काढणाऱ्यानं लाकडात बोलू नये."

"मी तोंडसुद्धा उघडलं नाही, मिस्त्री. झाड बोलतंय."

धाकूनं बुंध्याला कान लावला. आतून कुणीतरी बारीक श्वास घेत होतं. त्यानं कुऱ्हाड बाजूला टाकली. मग त्यानं पटाशी घेतली. आतल्या अंगाला धार लागू नये म्हणून चिमूट चिमूट लाकूड काढत त्यानं ही खिडकी पाडली. दर थोड्या वेळानं थांबून विचारायचा, "आता कुठं लावू, येसू?" येसू आतून सांगेल तिथंच पटाशी लावायचा. दिवस कलताना जावई बाहेर आला. खांदा वाकडा झाला तो झालाच, पण जगला.

ऐन काही तोडला नाही. पुढं धाकूनं स्वतः चौकट घडवून त्या खिडकीला बसवली. साल तिच्यावर चढत चालली आहे, हात लावून बघा.

आजही आमच्या खोऱ्यात मिस्त्री झाडावर पाठ हाणतो आणि गप्प राहतो. आधी शिकाऊ बोलतो, मग मिस्त्री. एखादा विसरून आधी बोललाच, तर कुणीतरी त्याला त्या दिवसाची आठवण करून देतं. येसूला पाठुंगळी घेऊन सासरा उतरणीला लागला, तेव्हा मागून कुऱ्हाड घेऊन येणारा हैबती त्याला म्हणाला होता,

"मिस्त्री, पोरगा झाडात कोंडला तवा तुम्हाला त्याचं ऐकू आलं. तुमच्या घरात किती वर्षं कोंडला होता?"