भुजंगाच्या ताब्यातली औषधपेटी

एका गावात एक भोळा मेव्हणा होता. भुजंगा त्याचं नाव. गावच्या दूध संस्थेचे चेअरमन हणमंतराव खाडे हे त्याचे दाजी. त्यामुळे भोळा असूनही त्याला संस्थेत नोकरी होती. दुधाचे कॅन उचलायचे आणि दाजी दिसले की नमस्कार करायचा, एवढंच काम. दोन्ही तो मन लावून करी.

संस्थेत कधी काचेची नळी फुटे, कधी उकळतं पाणी सांडे. कुणाला ना कुणाला लागे. एकदा वरून साहेब आले आणि म्हणाले, "इथं प्रथमोपचाराची पेटी कुठंय?" पेटी नव्हती. साहेब ओरडून गेले, तशी आली. आता ती सांभाळायला शहाणा माणूस हवा होता. दाजींनी घरातला नेमला.

दाजी म्हणाले, "भुजंगा, पेटी जिवापाड जप. कुणाचा घाण हात तिला लागता कामा नये."

"बरं दाजी. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

दूध तपासणाऱ्या सर्जेरावाच्या हातात नळी फुटली. बोट चांगलंच कापलं. तो धावत आला.

"भुजंगा, पट्टी दे, पट्टी!"

"आधी हात दाखव."

सर्जेरावानं दाखवला.

"घाण आहे. धुऊन ये."

सर्जेराव हौदावर जाऊन धुऊन आला. तोवर हात पुन्हा रक्तानं भरला.

"अजून घाणच आहे की. नीट धू."

असं करता करता सर्जेराव हौदापाशीच चक्कर येऊन बसला. शेजारीच सरकारी उपकेंद्र होतं. तिथल्या जुबेदा सिस्टर पळत आल्या. त्यांनी पट्टी बांधली आणि भुजंगाकडे वळल्या.

"अरे शहाण्या, वाहतंय म्हटल्यावर धुवायला काय पाठवतोस? स्वच्छ फडकं घ्यायचं, दाबून धरायचं, घट्ट बांधायचं. आणि वाहायचं थांबेपर्यंत सोडायचं नाही."

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काताई दूध घालायला आल्या. त्यांना सर्दी झाली होती. पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "काय सांगू भुजंगा, रात्रीपासनं नुसतं वाहतंय बघ."

भुजंगा ताडकन उठला. स्वच्छ फडकं काढलं, आक्काताईंच्या नाकातोंडावर दाबलं आणि वरून पट्टी गुंडाळली. चांगली घट्ट. आक्काताई हातवारे करायला लागल्या.

"थांबलं का?" भुजंगानं विचारलं.

आक्काताईंना बोलता येईना.

"म्हणजे नाही थांबलं," असं म्हणून त्यानं आणखी एक वेढा दिला.

आक्काताई जांभळ्या पडल्या तेव्हा कुणीतरी सिस्टरना हाक मारली. सिस्टरनी कात्रीनं पट्टी कापली.

"अरे, जीव घेतोस का? कोंडून ठेवलं की गुदमरणारच! मोकळं करायचं. हवा लागू द्यायची."

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

भुजंगाला फार वाईट वाटलं. सांगितलेलं सगळं करायचं आणि वर बोलणी खायची. उदास होऊन त्यानं पेटी उघडली. आत कापूस, पट्ट्या, जाळीचं कापड, सगळं कागदात घट्ट बंद. त्याचा जीव कळवळला. बिचारी कधीपासून कोंडून पडली असतील!

त्यानं एकूण एक पुडकं फाडलं. पट्ट्या अंगणातल्या दोरीवर टाकल्या, कापूस कट्ट्यावर पसरला. वारा छान होता. दुपारी गोठ्यातल्या माश्या आल्या. मग एक कोंबडी आली, कापसावर बसली आणि अंडं घालून गेली.

सिस्टरनी कपाळाला हात लावला. "अरे, ते बंद होतं म्हणून स्वच्छ होतं! आता सगळं टाकून द्यावं लागणार. जखमेला लागणारी वस्तू निर्जंतुक हवी. कात्री, चिमटा असलं काही असेल तर खळखळ उकळून घ्यायचं."

"बरं बाई. ध्यानात ठेवतो."

दाजींनी कुरकुरत पेटी पुन्हा भरून आणली. भुजंगानं विचार केला, या पेटीत जखमेला न लागणारी वस्तू कुठली? एकही सापडली नाही. म्हणून त्यानं अख्खी पेटीच मोठ्या पातेल्यात उपडी केली. कात्री उकळली, मलम उकळलं, गोळ्या उकळल्या. थर्मामीटर फुटला. पाण्याला गुलाबी रंग आला आणि वास चावडीपर्यंत गेला.

सिस्टरनी पातेलंसुद्धा टाकून द्यायला लावलं. मग त्या खुर्ची ओढून भुजंगासमोर बसल्या आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागल्या. "भुजंगा, आता कशालाच काही करू नकोस. नुसती तारीख बघ. मुदत संपलेली वस्तू वरून चांगली दिसते, पण आतून बिघडलेली असते. अपाय करते. कुणी म्हणालं, राहू दे अजून थोडे दिवस, तरी ऐकायचं नाही. उचलायची, संस्थेमागच्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकायची, वर चुना टाकायचा, झाकण लावायचं. कळलं?"

"कळलं बाई. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

त्याच आठवड्यात संस्थेची वार्षिक सभा भरली. व्यासपीठावर हार घालून दाजी बसले होते. शेजारी ओळीनं संचालक. एक म्हातारा सभासद उठून ओरडला, "चेअरमन, तुमची मुदत गेल्या वर्षीच संपली! निवडणूक कधी लावताय?"

दाजी हसले. "संपली असेल. राहू द्या की अजून थोडे दिवस!"

कोपऱ्यात बसलेला भुजंगा उठला. व्यासपीठावर गेला.

"दाजी, मुदत संपली?"

"अरे, संपली म्हणून काय झालं? मी चांगला ठणठणीत आहे की!"

"वरून दिसताय," भुजंगा हळहळून म्हणाला.

रोज भरलेले कॅन उचलणारा गडी तो. त्यानं दाजींना हारासकट खांद्यावर घेतलं आणि मागच्या दारानं नेलं. खड्ड्यातून दाजींच्या शिव्या ऐकू आल्या. मग ओंजळभर चुना पडल्याचा आवाज आला. मग दाजी नुसतेच खोकले. मग झाकण लागलं.

सभेत पाचशे माणसं होती. दाजींना काढायला एकही उठला नाही.

भुजंगा हात झटकत परत आला, व्यासपीठावर चढला आणि संचालकांच्या ओळीपुढे उभा राहिला.

"हं," तो म्हणाला, "आता तुमच्या तारखा दाखवा."